रिको जीआर ३ कॅमेऱ्यासाठी बाहेरचा व्ह्यूफाइंडर (डोळा लावून फोटोची चौकट बघायची खिडकी) कोणता घ्यावा?

नाशिककर_फोटोवाला: घाटावर भर दुपारी फोटो काढताना स्क्रीनवर काहीच दिसत नाही हो, हाताची सावली धरून अंदाजानेच बटण दाबतो. हॉटशूवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या वरच्या खाचेत, बसणारा ऑप्टिकल (नुसत्या काचेचा) घ्यायचाय, रिकोचा जीव्ही-२ की फोक्टलेंडर कंपनीचा? सेकंडहँड चालेल.

जुनी_रीळ: आधी फोकल लेंथ बघा दादा, लेन्समध्ये किती रुंद दृश्य मावतं ते त्यावरून ठरतं. जीआर ३ ची लेन्स १८.३ मिमी, म्हणजे फुल फ्रेमच्या (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) हिशोबाने २८ मिमी, तेव्हा फाइंडर २८ चाच हवा. जीव्ही-३ घेऊ नका, तो जीआर ३एक्स या दुसऱ्या मॉडेलच्या ४० मिमीसाठी आहे. मी जीव्ही-२ वापरतो, छोटा आहे, खिशात अडकत नाही.

सावली: फाइंडर लेन्सच्या वर बसतो ना, त्यामुळे जवळचा फोटो काढताना आत दिसतं त्यातला वरचा भाग फोटोत कापला जातो, माझ्या आजीच्या पदराचा काठ असाच गेला, अजून हळहळ वाटते. मीटरभराच्या आत स्क्रीनच बघा. आणि आत फोकस कळत नाही, म्हणून स्नॅप फोकस (आधीच ठरवलेल्या अंतरावरचा फोकस) २.५ मीटरवर आणि अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ ८ ठेवा. सेकंडहँड घेताना काचेला बुरशी आहे का ते उजेडाकडे धरून बघाच.

नाशिककर_फोटोवाला: मग जीव्ही-२ च शोधतो, खूप आभार दोघांचे!