गोचीड ताप: इंजेक्शन देऊनही कालवड बसूनच, मदत हवी आहे

मोहोळ_गोठा:
रक्ताच्या रिपोर्टमध्ये थायलेरिया (गोचिडातून येणारा परजीवी) आलाय. इंजेक्शन झालं, ताप उतरला आणि परत चढला. जर्सी कालवड वैरणीला तोंड लावत नाही. शेजारच्याच दावणीला खिलार गाय आहे, गोचीड तिच्याही अंगावर आहेत, पण ती ठणठणीत. मग हिचंच शरीर का लढत नाही? मेडिकलवाला प्रतिकारशक्तीचं टॉनिक देतो म्हणतोय. देऊ का? लवकर सांगा.

बार्शीकर:
इंजेक्शन कोणतं? गाभण आहे का? लघवी कॉफीसारखी होत असेल तर बबेशिया हा गोचिडाचा दुसरा परजीवीही असू शकतो, त्याचं औषध वेगळं. एवढं कळल्याशिवाय कुणी काय सांगायचं दादा?

सांगोला_देशी:
इंजेक्शनच्या नादी लागू नका. निंबोळी अर्क आणि करंज तेल चोळा, आमच्याकडं गोचीड टिकत नाहीत. आणि जर्सी पाळायचीच कशाला?

पशुवैद्यक_अक्कलकोट:
निंबोळीनं गोचीड कमी होतील, पण परजीवी आता आत गेलाय. तो थेट पांढऱ्या पेशींत शिरतो, म्हणजे ज्यांनी लढायचं त्यांच्यातच. त्या पेशींना तो सारखं विभागायला लावतो आणि त्यांच्याबरोबर स्वतःही वाढतो. खांद्यापुढची गाठ सुजते ती त्यामुळंच. गोचीड चावल्यावर तो रक्तात मोकळा असतो तेवढ्या थोड्या वेळातच प्रतिपिंडं (रोगाला धरणारी रक्तातली प्रथिनं) त्याला धरू शकतात. एकदा पेशीत घुसला की मारक टी-पेशींनी ती पेशीच संपवायची असते. त्यांना तयार व्हायला दिवस लागतात. जर्सी-होल्स्टिन रक्ताच्या जनावरात तोवर संसर्ग फार पसरतो, तापही अनावर होतो. साहिवालसारख्या देशी जाती हाच संसर्ग पुष्कळदा निभावून नेतात. टॉनिकनं यातलं काही होत नाही, पैसे वाचवा.

मोहोळ_गोठा:
ब्युपार्व्हाक्वोन दिलंय. लघवी साधीच आहे. गाठ मोठी आहे, डोळे आतून पांढरे पडलेत. त्याच वेळी ताप उतरायचं म्हणून डेक्सापण दिलं होतं.

बार्शीकर:
हे आधी सांगायचं होतं! डेक्सा म्हणजे स्टेरॉइड. ज्या पेशींनी लढायचं त्यांनाच ते दाबतं. परत देऊ देऊ नका.

पंढरपूर_म्हैसवाले:
म्हणून मी सगळ्यांना सांगतो, पंढरपुरी म्हैस घ्या. थायलेरियाचा एवढा त्रास बघितला नाही.

पशुवैद्यक_अक्कलकोट:
आण्णा, म्हशीला सर्रा होतोच की, गोमाश्यांमुळं. त्याचा परजीवी वरचा अंगरखा सारखा बदलतो. शरीर एकाची ओळख पटवतं तोवर दुसरा घातलेला असतो. म्हणून त्यावर लसच नाही. थायलेरियावर लस तरी आहे.

वैराग_पोल्ट्री:
कोंबड्यांचंही असंच. रक्ती हगवणीत आयमेरिया परजीवीच्या एका जातीला टिकलेला पक्षी दुसऱ्या जातीला बळी पडतो. लसीत म्हणूनच बऱ्याच जाती घालतात. लिटर (कोंबड्यांखालचा भुसा) कोरडं ठेवा, ओल धरू देऊ नका.

मोहोळ_गोठा:
कोंबड्या नाहीत माझ्याकडं. लस आहे तर आत्ता देता येईल का? कालवड गाभण आहे, पहिलारू.

पशुवैद्यक_अक्कलकोट:
आत्ता नाही. ती जिवंत लस आहे, निरोगी जनावराला आधी टोचायची असते, गाभणीला देत नाहीत. डोळे पांढरे म्हणजे रक्त कमी झालंय. ते भरून यायला वेळ लागतो, परजीवी आटोक्यात आला तरी. १९६२ या जनावरांच्या हेल्पलाइनला फोन करून हिमोग्लोबिन तपासून घ्या, फार खाली असेल तर रक्त चढवावं लागेल. ब्युपार्व्हाक्वोन पुन्हा द्यायचं का ते बघणाऱ्या डॉक्टरांना ठरवू द्या, डेक्साचं मात्र त्यांना सांगाच. ती बरी झाल्यावरही रक्तात थोडे परजीवी राहतील. तसे ते राहिल्यानंच प्रतिकारशक्ती जागी असते, रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणून घाबरू नका.

आणि खिलारीचेही गोचीड काढा. ती आजारी दिसत नाही, पण तिच्या रक्तातून गोचिडांना थायलेरिया मिळत असणार, तेच पुढं कालवडीला चावतात. हे गोचीड भिंतीच्या भेगांत लपतात, त्या आधी बुजवून घ्या.