नुसत्या पोस्टी टाकून न्याय मिळतो का?

नीलकमळ
परवा नात्यातले एक काका म्हणाले, तुम्ही लोक मोबाईलवर नुसती बडबड करता, त्याने काय होतं? तेव्हा गप्प बसले पण डोक्यातून जाईना म्हणून लिहितेय. पुण्याचं कल्याणीनगर आठवा. १९ मे २०२४, पहाटे अडीचच्या सुमारास पोर्श गाडीने दोन तरुण इंजिनिअरना उडवून ठार केलं आणि त्याच दिवशी गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला जामीन, अटींमध्ये काय तर ३०० शब्दांचा निबंध! त्या निबंधावरून भडका उडाला नसता तर प्रकरण तिथंच दाबलं गेलं असतं असं मला ठाम वाटतं. लोकांनी लावून धरलं, आणि आठवड्याभराने त्या मुलाच्या रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयाच्या डॉक्टरांना अटक झाली. आपल्याकडे ना पैसा ना वशिला, तोंड तेवढं आहे, तेही बंद ठेवायचं का?

रानवाट
ताई, अर्धंच सांगताय. त्याच गदारोळात २२ मेला त्या मुलाला निरीक्षणगृहात पाठवलं आणि जूनमध्ये मुंबई हायकोर्टाने ते बेकायदा ठरवून त्याला सोडायला लावलं. लोकांच्या दबावाखाली घाईत काढलेला आदेश टिकत नाही हो. आणि हैदराबादचं काय? डिसेंबर २०१९ मध्ये बलात्कार-खुनाच्या प्रकरणातल्या चार आरोपींना पोलिसांनी गोळ्या घातल्या, लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली, मीही स्टेटसला "सॅल्यूट" टाकलं होतं. पुढे सुप्रीम कोर्टाने नेमलेल्या न्या. सिरपूरकर आयोगाने सांगितलं की जीव घ्यायच्या इराद्यानेच गोळ्या झाडल्या. खटलाच चालला नाही, मग गुन्हा त्याच चौघांचा होता हे सिद्ध कधी होणार? ते स्टेटस आठवलं की आजही लाज वाटते.

वेशीपलीकडचा
आवाज नको म्हणणाऱ्यांनी खैरलांजी आठवावं. २९ सप्टेंबर २००६, भंडारा जिल्हा, एका दलित घरातली आई, मुलगी, दोन मुलगे, चौघांना मारलं. मोठ्या पेपरांनी नीट दखल घ्यायला जवळपास महिना गेला, नोव्हेंबरात माणसं रस्त्यावर उतरली तेव्हा कुठं हालचाल. तेव्हा कुणाच्या खिशात असला फोन नव्हता. तुम्हाला गदारोळाची भीती वाटते, आम्हाला कुणी काही बोललंच नाही तर याची वाटते. आणि खरं सांगू, मेलेला कोण आणि शहर कुठलं हे बघूनच देश पेटतो, माझं भांडण त्याच्याशी आहे.

रानवाट
दादा, तुमचं पटतं. पण राईनपाडा विसरू नका. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यात आठवडी बाजाराचा दिवस, भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण. मुलं पळवणारी टोळी आलीय असे मेसेज आधीपासून फिरत होते. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं त्यांना, जीव जाईपर्यंत. मेसेज पुढं ढकलणाऱ्या प्रत्येकाला आपण मुलं वाचवतोय असंच वाटत असणार ना?

मीरा_आजोळ
मला वेगळंच खुपतं. कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातल्या बलात्कार-खुनाच्या वेळी आमच्या फॅमिली ग्रुपवर त्या डॉक्टर मुलीचा फोटो आला, खाली मेणबत्त्या आणि हात जोडलेले. मी म्हटलं डिलीट करा, पीडितेची ओळख उघड करणं गुन्हा आहे, तर मावशी म्हणे अगं सगळ्या जगाला माहितीये. नंतर सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की नाव-फोटो काढून टाका. न्याय मागतोय तिच्यासाठी आणि कायद्याने तिला दिलेला आडोसा आपणच ओढून घेतोय.

नीलकमळ
मीरा, तो फोटो मीही पुढे पाठवला होता, चुकलंच माझं. पण रानवाट, फाशी द्या ओरडणं आणि "रक्ताचे नमुने कुणी बदलले" असं विचारणं, दोन्ही तुम्ही एकाच तागडीत टाकताय. दुसरं मी सोडणार नाही.

रानवाट
तो प्रश्न विचाराच, मी कुठं नको म्हणतोय. पण विचारणारे किती आणि फाशी मागणारे किती ते बघा. आणि नमुन्यांच्या खटल्याची पुढची तारीख कधी आहे, इथल्या किती जणांना माहितीये?

वेशीपलीकडचा
ज्याच्या घरातलं माणूस गेलं त्याला प्रत्येक तारीख माहीत असते भाऊ. तो एकटाच जातो कोर्टात.