शब्दचर्चा : १८१२च्या युद्धातले कॅप्टन, कमोडोर आणि त्यांची जहाजे

मचवा :
अमेरिका आणि ब्रिटन यांच्यातल्या १८१२च्या युद्धावरचा एक लेख मराठीत आणतोय. सप्टेंबर १८१३मधल्या एरी सरोवरावरच्या लढाईपाशी गाडी अडलीय. तिथल्या अमेरिकी ताफ्याचा प्रमुख ऑलिव्हर हॅझर्ड पेरी एका पानावर कमोडोर आहे, दुसऱ्यावर मास्टर कमांडंट, आणि संवादांत कॅप्टन. यातलं नेमकं घ्यायचं काय? 'कमोडोर'ला सरळ 'सरखेल' म्हटलं तर?

डोलकाठी :
तिन्ही बरोबर आहेत. मास्टर कमांडंट हा त्याचा कागदावरचा हुद्दा, लेफ्टनंटच्या वर आणि कॅप्टनच्या खाली. पुढे १८३७ला त्याचंच 'कमांडर' झालं. जहाज ज्याच्या ताब्यात तो कॅप्टन, मग हुद्दा कोणता का असेना. आणि कमोडोर हा तेव्हा हुद्दाच नव्हता. चार जहाजं एकत्र करून ज्याच्या हाताखाली दिली, त्याला द्यायचा तो मान. अमेरिकेच्या आरमारात १८६२पर्यंत ॲडमिरल नव्हते, त्यामुळे कॅप्टन हीच शेवटची पायरी होती. एकदा कमोडोर म्हणवलं गेलं की ते जन्माला चिकटायचं. आपल्याकडे पाच वर्षं सरपंच झालेला माणूस मरेपर्यंत 'सरपंच' असतो, तसंच.

'सरखेल' नको. तो छत्रपतींनी आरमारप्रमुखाला दिलेला किताब, आणि आंग्र्यांच्या घराण्यात पुढे चालत आला. पेरीला 'सरखेल' म्हटलंत तर वाचक थेट कुलाब्याला पोचेल. कमोडोरच ठेवा. फक्त आजच्या भारतीय नौदलात तो कॅप्टनच्या वरचा पक्का हुद्दा आहे, म्हणून पहिल्यांदा येईल तिथे एक ओळ खुलाशाची घाला. 'कॅप्टन'चंही तेच. भूदलातला कॅप्टन आणि आरमारातला कॅप्टन यांच्यात बराच फरक आहे. आरमारातला कर्नलच्या तोलाचा असतो.

मचवा :
हे पटलं. आता पुढचं. पेरीने जिंकल्यावर अमेरिकी सैन्याच्या जनरल हॅरिसनला चिठ्ठी पाठवली. मी असं केलंय : 'शत्रूशी गाठ पडली आणि तो आता आपला आहे. दोन जहाजे, दोन ब्रिग, एक स्कूनर आणि एक स्लूप.' ब्रिग काय जहाज नसतं?

तांडेल :
इथे 'शिप' म्हणजे कुठलंही जहाज नव्हे. तीन डोलकाठ्या, आणि तिन्हींवर आडवी चौकोनी शिडं, असं असेल तेच शिप. ब्रिटिशांकडचं 'डेट्रॉइट' आणि 'क्वीन शार्लट' ही ती दोन. ब्रिगला डोलकाठ्या दोन. स्कूनरची मुख्य शिडं जहाजाच्या लांबीच्या दिशेने. स्लूपला डोलकाठी एकच. म्हणून 'दोन तीन-काठी जहाजे, दोन ब्रिग...' असं करा. थोडं ओबडधोबड आहे, पण चिठ्ठी लिहिणाराही लढाईतून नुकताच उठलेला होता.

यातली खरी खोड 'स्लूप'मध्ये आहे. याच युद्धातलं अमेरिकेचं 'हॉर्नेट' हेही स्लूपच म्हणवतं, पण त्याला डोलकाठ्या तीन. तिथे शब्द शिडांवरून नसून दर्जावरून आलाय : फ्रिगेटपेक्षा (म्हणजे तीन डोलकाठ्यांच्या वेगवान युद्धनौकेपेक्षा) लहान लढाऊ जहाज. तिथे 'युद्धस्लूप' करा, नाहीतर दोन्हींची सरमिसळ होईल. आणि कृपा करून 'हॉर्नेट'चं 'गांधीलमाशी' करू नका. अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन' जहाजाचं 'संविधान' केलेलंही मी वाचलंय.

डोलकाठी :
'कॉन्स्टिट्यूशन'वरून आठवलं, तिच्या 'ओल्ड आयर्नसाइड्स' या टोपणनावामुळे एकाने तिला 'पोलादी युद्धनौका' करून टाकलं होतं. लाकडी फ्रिगेट आहे ती, ओकची. ऑगस्ट १८१२मध्ये ब्रिटिशांच्या 'गेरिएर'शी झुंजताना तोफगोळे तिच्या अंगावरून उसळले, म्हणून ते नाव.

मचवा :
पेरीच्या निशाणावर 'डोन्ट गिव्ह अप द शिप' असे शब्द होते, ते 'जहाज सोडू नका' असे घेतलेत. बरोबर ना?

तांडेल :
इथे थांबा. हे लेखातलं सगळ्यात मोक्याचं वाक्य आहे. मूळ शब्द कॅप्टन जेम्स लॉरेन्सचे. १ जून १८१३ला अमेरिकेच्या 'चेसापीक'वर ब्रिटिशांच्या 'शॅनन'शी लढताना तो घायाळ झाला, खाली नेताना त्याने ते उच्चारले असं सांगतात. त्याचा अर्थ 'जहाज शत्रूच्या हाती पडू देऊ नका'. तरी 'चेसापीक' पाडाव झालंच, ती गोष्ट वेगळी. पेरीने आपल्या मुख्य जहाजाला 'लॉरेन्स' नाव दिलं आणि ते शब्द निळ्या निशाणावर शिवून घेतले.

आता पुढे काय झालं ते बघा. 'लॉरेन्स'ची पार चाळण झाल्यावर पेरी होडीत बसला, ते निशाण बरोबर घेतलं आणि 'नायगारा'वर गेला. तुमच्या भाषांतरात 'जहाज सोडू नका' असं निशाण काखोटीला मारून नायकच जहाज सोडून निघालेला दिसतो! वाचक हसेल. मुळातही विसंगती आहेच, कारण मागे राहिलेल्यांना 'लॉरेन्स'चा बावटा उतरवावा लागला. पण ती विसंगती तिथली तिथे राहू दे, आपण नवीन घालायला नको. 'हार मानू नका' नको, त्यात जहाज जातं. 'जहाज हातचं जाऊ देऊ नका' कसं वाटतं?

मचवा :
घेतलं. आणि तुमचा 'पाडाव'ही घेतो. मी सगळीकडे 'कब्जा केला' लिहून बसलो होतो.

डोलकाठी :
'बावटा उतरवणे'ही घ्या, 'शरणागती पत्करली' वारंवार नको. जागा असेल तर एक प्रसंग जोडा, त्यात हा शब्द नेमका लागतो. ३० जून १८१५, जावा-सुमात्रामधली सुंदा सामुद्रधुनी. अमेरिकेच्या 'पीकॉक'ला ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई आरमारातलं 'नॉटिलस' हे ब्रिग भेटलं. अमेरिका-ब्रिटन तह होऊन सहा महिने उलटले होते. 'नॉटिलस'च्या लेफ्टनंट बॉइसने तसं कळवलंही. 'पीकॉक'च्या वॉरिंग्टनचं म्हणणं, तह झाला असेल तर बावटा उतरवून दाखव. बॉइसने नकार दिला. तोफा झडल्या, माणसं मेली, बॉइसचा पाय गेला आणि बावटा उतरलाच. दुसऱ्या दिवशी तहाचे कागद बघून वॉरिंग्टनने जहाज परत केलं. इथे 'शरण ये' लिहिलंत तर बॉइस कशासाठी अडून बसला ते कळणार नाही.