मदत हवी आहे: स्वस्त घरं द्यायला बिल्डर तयार होतोच कसा?

शंकासुर:

नमस्कार मंडळी. आमच्या अभ्यासगटात मला एक टिपण मांडायचंय. विषय वाट्याला आला तो असा: परवडणारी घरं वाढावीत म्हणून नगरपालिका काय काय करू शकते. आठवडाभर वाचतोय, पण एका जागी गाडी अडली आहे.

पालिकेने स्वतः घरं बांधणं समजतं. व्हिएन्नाने १९२३ साली घरांवर खास कर बसवला, आलिशान घरांना चढा दर लावला आणि १९३४ पर्यंत ६० हजारांवर घरं बांधली. एकट्या कार्ल मार्क्स हॉफ या वसाहतीत १,३८२. श्रीमंताकडून घेतलं, बांधलं, भाड्याने दिलं. हिशेब सरळ आहे.

पण बरीच शहरं हल्ली बिल्डरला सांगतात की तुझ्या इमारतीतली अमुक टक्के घरं स्वस्तात दे. तो का देईल? समजा प्लॉटवर १०० घरं बसतात आणि २० स्वस्तात द्यायची आहेत. मग जमिनीचा सगळा बोजा उरलेल्या ८० घरांवर. एक तर ती ८० महागणार, नाहीतर तो बांधणारच नाही. ‘सवलती देऊन प्रोत्साहन’ हे शब्द जिथे तिथे भेटतात, पण सवलतीने हा खड्डा भरतो कसा ते आकड्यांत कुणी सांगत नाही. कृपया लिंका नकोत, समजावून सांगा.

ओळंबा:

तुमचेच आकडे घेतो. शहर म्हणतं, १०० नको, १२५ बांध, पण त्यातली २५ स्वस्त हवीत. टक्के तेच, २०. बाजारभावाने विकायला मात्र त्याच्या हातात पहिल्याइतकीच १०० घरं राहिली. जमिनीचे पैसे त्या १०० मधून सुटतात. उरलेल्या २५ घरांना जमीन फुकट पडली, त्यामुळे त्यांच्या किमतीतून नुसता बांधकामाचा खर्च निघाला तरी त्याचं काही जात नाही. पालिकेच्या तिजोरीतून दमडी गेली नाही. तिने दिलं ते वाढीव चटई क्षेत्र, म्हणजे त्याच प्लॉटवर जास्त बांधायची परवानगी. अमेरिकेतल्या माँटगोमेरी काउंटीने १९७४ मध्ये सक्ती आणि जादा बांधकाम अशी जोडी एकाच कायद्यात बसवली.

हे झालं कागदावर. साइटवर गेलात की वरचे मजले खालच्या मजल्यांच्या भावात होत नाहीत. उंची वाढली की पाया, लिफ्ट, आगीपासूनचा बंदोबस्त, सगळंच वाढतं. त्यात दर घरामागे एक गाडी उभी करण्याची अट असेल तर २५ घरांसाठी आणखी २५ गाड्यांचं तळघर खणा. जादा घरांत जे कमावलं ते तिथे पुरलं! पार्किंगच्या अटीकडे कुणी फार लक्ष देत नाही, मला तर तीच पहिली काढावीशी वाटते. अमेरिकेतल्याच मिनीॲपोलिस शहराने २०२१ मध्ये किमान पार्किंगची सक्ती शहरभर रद्द केली.

आणि मूळ नियमांतच हवं तेवढं बांधता येत असेल तर जादाच्या आमिषाला कोण भुलेल?

खडूस_वाचक:

म्हणजे आधी नियम आवळायचे, मग थोडे सैल करायचे आणि त्याला प्रोत्साहन म्हणायचं. छान आहे.

ओळंबा:

टोमणा बरोबर जागी लागलाय. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडने हा खेळच टाळला. २०१६ मध्ये निवासी जमिनीच्या सुमारे तीन चतुर्थांश भागावर जास्त घरांना सरसकट मुभा दिली. बांधकाम चांगलंच वाढलं. पण त्यात गरिबासाठी म्हणून राखलेलं घर कुठलं, हे विचाराल तर हातात काही नाही. सौदा करायला पालिकेकडे पत्ताच उरत नाही.

जावक_बारनिशी:

टेबलाच्या आतल्या बाजूला बरीच वर्षं काढली आहेत म्हणून लिहितो. वेळ हीसुद्धा सवलतच. बिल्डर कर्जाच्या पैशावर उभा असतो, फाइल झोपली तरी व्याज जागंच. लॉस एंजेलिसच्या महापौर कॅरेन बास यांनी डिसेंबर २०२२ मध्ये आदेश काढला: ज्या प्रकल्पातली सगळीच घरं परवडणारी, त्याला ६० दिवसांत मंजुरी. सरकारी पैसा न मागणारे बिल्डरही त्यावर पुढे आले. लंडनमध्ये २०१७ पासून वेगळी युक्ती आहे. ‘एवढी घरं परवडत नाहीत हो’ असं रडगाणं गाणाऱ्याचे हिशेब पालिका उलगडून बघते. जो मुकाट्याने ३५ टक्के देतो त्याची बहुधा या तपासणीतून सुटका. बिल्डर कशाला जास्त घाबरतो ते ओळखणाऱ्याने हे सुचवलं असणार.

शंकासुर:

खड्डा कसा भरतो ते कळलं, दोघांचेही आभार. आता नवी शंका (नावाला जागतोय). पहिल्या मालकाने ते स्वस्त घर वर्षभरात बाजारभावाने विकलं तर?

ओळंबा:

तसं होऊ नये म्हणून कायद्यात मुदत असते, आणि बरेच कायदे इथेच कच्चे राहतात. माँटगोमेरीत सुरुवातीला बंधन होतं फक्त ५ वर्षांचं. मुदत संपली की घर खुल्या बाजारात. पुढे शहाणपण आलं. आता विक्रीच्या घरांना ३० आणि भाड्याच्या घरांना ९९ वर्षं.

जावक_बारनिशी:

त्यात एक पुस्ती. घर ‘परवडणारं’ कुणाला, तेही टिपणात आधीच लिहा. न्यूयॉर्कच्या २०१६ च्या नियमात एक पर्याय आहे: २५ टक्के जागा सरासरीने परिसराच्या मध्यम उत्पन्नाच्या (निम्मी कुटुंबं ज्याच्या वर कमावतात, निम्मी खाली) ६० टक्के कमावणाऱ्यांसाठी. पण ते मध्यम उत्पन्न काढताना श्रीमंत उपनगरंही धरतात. त्यामुळे गरीब वस्तीत इमारत उभी राहते आणि शेजारच्यालाच तिचं भाडं झेपत नाही.

शंकासुर:

अरे बापरे, हे डोक्यातच नव्हतं. व्याख्येचं पान सगळ्यात आधी घेतो. मसुदा झाला की इथेच टाकेन. खडूस_वाचक, तुम्हीही बघा, टोमण्यांसकट.