शालेय संघाचा सराव आणि पालक: कुठे थांबावं, कधी यावं, कधी लांब राहावं (अनुभव धागा)

जूनमध्ये शाळा उघडल्या की पहिल्याच पालक सभेत हा विषय निघतो. काही पालकांना मुलांचा सराव बघायचा असतो, सर नको म्हणतात आणि मुख्याध्यापक "बघू" म्हणून पुढचा विषय घेतात. इथे मतांपेक्षा कामाचं लिहा: तुमच्या खेळात पालक किती अंतरावर चालतात, नेमकं काय बिघडतं, नियम कसा बसवता. आपल्याच मुलांच्या कथा नकोत, दुसऱ्याला उद्या मैदानावर वापरता येईल ते हवं. (प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

पाटीवरचे आठ

खो-खोपासून सुरुवात करतो, कारण यात पालकाची जागा चुकली तर परिणाम लगेच दिसतो. पाटीवर, म्हणजे दोन खांबांमधल्या रांगेत, आठ गडी एकाआड एक विरुद्ध तोंडाने बसतात. म्हणजे पालक कुठल्याही लांब बाजूला उभे राहिले तरी चार मुलांच्या थेट नजरेसमोर येतात. बसलेल्या गड्याने डोळे पळणाऱ्यावर ठेवायचे आणि पाठ खोसाठी तयार ठेवायची, हीच सगळी मेहनत असते. समोर आई उभी असेल तर नजर अर्धा क्षण तिकडे जाते आणि उठायला उशीर होतो. त्याहून वाईट म्हणजे बाहेरून येणारी "ऊठ, ऊठ!" ही आरोळी. मूल खो मिळायच्या आधीच उठतं, फाउल होतो, पळणारा सुटतो. सरावात दहा वेळा असं झालं की ती सवय अंगात मुरते आणि मोडायला महिना जातो.

पळणाऱ्यांचं वेगळं. एकेरी साखळी (बसलेल्या प्रत्येक गड्याआड वळत पळणं) पळताना मूल क्षणाक्षणाला दिशा बदलत असतं. समोरून पालक "डावीकडे!" ओरडतो ती डावी त्याची स्वतःची, मुलाची उजवी. हूल द्यायच्या ऐन वेळी मूल थबकतं आणि बाद होतं.

जागा सांगायची तर मैदानाच्या कोपऱ्यापासून तिरक्या रेषेत सहा-सात मीटर बाहेर, आणि बसून. खांबामागच्या मोकळ्या जागेत कुणीही नको. खांबावर सूर मारणारा गडी वेगात तिथेच घसरत जातो. पिशव्या, बाटल्या, लहान भावंडं हे सगळं तिथून उचलायला लावा.

आणखी एक गैरसमज आधीच दूर करावा. पळती तीन-तीनच्या तुकड्यांनी होते आणि सरावात तुकड्या मुद्दाम फिरवतात. आज मुलगी तिसऱ्या तुकडीत गेली म्हणजे संघातून बाहेर पडली, असा अर्थ होत नाही. हे वाक्य पालकांना पहिल्याच दिवशी सांगितलं तर पुढचे बरेच फोन वाचतात.

कोपरारक्षक

कबड्डीत जागेपेक्षा आवाज जास्त नडतो. पकड ही एकट्याची नसते. कोपरारक्षक (कोपऱ्यात उभा असलेला पकडपटू) घोट्याला जाणार असेल तर शेजारच्याने त्याच क्षणी पुढे येऊन चढाईपटूची परतीची वाट अडवायची असते. हा इशारा हाताच्या दाबाने किंवा नजरेने होतो. बाहेरून "पकड!" ऐकू आलं की कोपऱ्यातला मुलगा एकटाच झेपावतो, साखळी तुटते आणि चढाईपटू मध्यरेषा ओलांडून गुण घेऊन जातो. चढाईचे ३० सेकंद मोठ्याने मोजणारे पालकही असतात. मुलाला वेळेचं भान स्वतःला यायला हवं. मोजून देणारा सामन्यात नसतो.

एरंडेल

मल्लखांबाच्या बाबतीत माझं मत कडक आहे: नवी उडी किंवा नवी पकड शिकवताना पालक आत नकोत. खांबाला एरंडेल लावलेलं असतं, अंगाला घाम असतो, पकड मांड्यांच्या आणि पायाच्या दाबावर टिकते. बोंडावर (खांबाच्या वरच्या टोकावर) तोल साधताना टाळी वाजली, मोबाईलचा फ्लॅश चमकला किंवा कुणी नावाने हाक मारली की मान वळते, आणि मानेपाठोपाठ खांदे वळतात. शिक्षक खांबाला लागून उभे असतात ते झेलण्यासाठी. त्यांनाही त्या क्षणी पालकाच्या प्रश्नाला उत्तर देता येत नाही.

वेळेची वाटणी अशी करून बघा. सराव ९० मिनिटांचा असेल तर पहिली २० मिनिटं अंग मोकळं करणं, दंड-बैठका, सलामी. हे सगळं खुशाल बघावं. मधली ६० मिनिटं दार उघडं, पण पालक बाहेरच्या बाकांवर. शेवटच्या १० मिनिटांत मुलं पक्कं येत असलेलं करून दाखवतात, तेव्हा पुन्हा आत.

चपला गादीपासून तीन मीटर लांब काढायला सांगा. पायांबरोबर आलेली बारीक खडी गादीवर पडते, तेलकट अंगाला चिकटते आणि पुढच्या अढीला (पायांच्या पकडीला) मांडीची कातडी सोलते. मुलं रडतात ती बहुतेक वेळा पडल्यामुळे नाही, या खरचटण्यामुळे.

नेटमागचा

मुंबईत क्रिकेटपुरता हा प्रश्नच वेगळा होतो. शिवाजी पार्क आणि आझाद मैदान सार्वजनिक आहेत, तिथे कुणाला बघू नका म्हणता येत नाही. जाइल्स शिल्ड (१४ वर्षांखालील) आणि हॅरिस शिल्ड (१६ वर्षांखालील) या शालेय स्पर्धा जवळ आल्या की नेटभोवती पालकांची रांग लागते. तेव्हा मनाई बाजूला ठेवून जागेचं बोला.

सर्वात चुकीची जागा गोलंदाजाच्या मागे. शाळेच्या नेटला साइटस्क्रीन (चेंडू नीट दिसावा म्हणून गोलंदाजामागे लावलेला पडदा) नसतो. पांढरा शर्ट घातलेले बाबा धावपट्टीच्या रेषेत येरझाऱ्या घालत असतील तर फलंदाजाला चेंडू हातातून सुटताना दिसत नाही. लेदरचा पूर्ण वजनाचा चेंडू १५५.९ ते १६३ ग्रॅमचा असतो. तो न दिसणं हा बोटं मोडण्याचा सरळ मार्ग आहे. नेटला टेकून उभं राहणंही धोक्याचं, कारण जाळी चेंडूसोबत हातभर बाहेर येते. दीड-दोन मीटर सोडून, फलंदाजाच्या पाठीमागच्या कोपऱ्याकडे थांबा.

दुसरी अडचण समजुतीची. एका मुलाला नेटमध्ये दहा मिनिटं मिळाली आणि दर १५ सेकंदांना एक चेंडू आला, तर ४० चेंडू होतात. त्या दिवशीचं काम 'ऑफ स्टंपबाहेरचे सगळे सोडायचे' असं असेल तर बाहेरून बघणाऱ्याला मुलगा काहीच मारत नाही असं दिसतं. घरी जाताना "आज एकही फटका नाही?" हा प्रश्न येतो. दुसऱ्या दिवशी मुलगा बाहेरच्या चेंडूंना बॅट लावू लागतो आणि आठवड्याचं काम वाया जातं. यावर साधा उपाय आहे. प्रवेशापाशी फळा ठेवा, त्यावर रोजचं काम एका ओळीत लिहा: 'आज सोडणे', 'आज यॉर्कर', 'आज स्लिपचे झेल'. पालकांना काय बघायचं ते कळतं आणि ते चांगलं बघतात.

सचिन तेंडुलकरचे प्रशिक्षक आचरेकर सर स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवत. गोलंदाजाने बाद केलं तर नाणं त्याचं, फलंदाज टिकला तर फलंदाजाचं. दडपण किती द्यायचं ते तिथे गुरू ठरवत होते. त्यावर बाहेरून आणखी दडपण चढलं की मोजमाप बिघडतं.

चुन्याची फक्की

फेकीच्या खेळांत चर्चा नको, आखणी हवी. गोळा आणि थाळी पडायचं क्षेत्र ३४.९२ अंशांचं, भाल्याचं सुमारे २९. पण शिकाऊ मूल क्षेत्रातच फेकेल असं धरू नका. उजव्या हाताने थाळी फेकणाऱ्याच्या हातून ती लवकर सुटली तर उजवीकडे जाते, उशिरा सुटली तर डावीकडे. त्यामुळे दोन्ही बाजू धोक्याच्या. पालक वर्तुळाच्या मागे, जाळीच्याही मागे. फक्कीने ठळक रेषा मारा आणि भाले परत आणणाऱ्या मुलांखेरीज ती कुणी ओलांडू नये. तीही सगळ्यांची फेक संपल्यावरच, शिट्टी झाल्यावर.

दार उघडं

वरचं सगळं मान्य, पण एक गोष्ट त्यात हरवू नये. 'सराव बघायला येऊ नका' आणि 'सराव कुणालाच दिसणार नाही' यांत फार मोठं अंतर आहे. बंद दारामागचा सराव कोणत्याही खेळात मान्य करू नका. हॉलच्या दाराला काच किंवा जाळी हवी. सरावभर दोन मोठी माणसं हवीत, मुलींच्या संघासोबत एक शिक्षिका हवीच. एकट्या मुलाला 'जादा सरावा'साठी थांबवायचं असेल तर पालकांना आधी कळवायचं आणि तो मोकळ्या मैदानावरच घ्यायचा. शाळेतल्या सखी सावित्री समितीत (मुलांच्या सुरक्षिततेसाठीची समिती) कोण आहे, ती नावं क्रीडा विभागाच्या फलकावरही लावा. आणि २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार (मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा कायदा) अशा गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवायची आहे. मुख्याध्यापकांच्या परवानगीची वाट बघायची नाही.

फोटोंचं: फक्त आपल्या मुलाचा, तोही सराव संपल्यावर. जलतरण तलावावर मोबाईल बॅगेतच.

पट्टी-टेप

प्रशिक्षकापुढे वीस मुलं असतात, पालकाची नजर एकावरच असते. त्याचा उपयोग करा. दहा ते चौदा वयात टाचेच्या मागे किंवा गुडघ्याच्या वाटीखाली दुखणं वाढीच्या काळात बरंच दिसतं. मूल सांगत नाही, कारण संघातून काढतील ही भीती. बघायचं काय, तर सरावाच्या दुसऱ्या अर्ध्या भागात पाऊल टेकवताना लंगड, पायऱ्या उतरताना कठडा धरणं, फेकल्यावर हात झटकणं. तसं दिसलं तर मैदानात धावत जाऊ नका. सराव संपल्यावर सरांना कोणता पाय आणि कधीपासून एवढंच सांगा. पाणी मात्र मधेच विचारायला हरकत नाही. दर २० मिनिटांनी १५०–२०० मिली, तहान लागायची वाट न बघता.

संध्याकाळी पाच

पाच वाजता मैदानावर येणं सगळ्यांना जमत नाही. नोकरी, दुकान, शिफ्ट असलेले पालक कधीच दिसत नाहीत. रोज येणारे तेच चार-पाच जण असतात, सरांचा चहा त्यांच्याबरोबर होतो आणि निवडीच्या वेळी त्यांचीच मुलं डोळ्यांसमोर येतात. सर मनाने कितीही सरळ असले तरी हे घडतं. शिवाय दहावी-बारावीच्या क्रीडा सवलतीच्या गुणांमुळे निवडीला वजन आलं आहे. म्हणून रोजचं बघणं बंद आणि महिन्यातला एक शनिवार सकाळी सगळ्यांसाठी खुला, हे मला जास्त न्याय्य वाटतं. त्या दिवशी निवड चाचणी घेऊ नये.

सूचनेचा मसुदा

पालक-शिक्षक संघाच्या सभेत मांडायला, हवं ते बदला:

'पालकांनी फक्कीच्या रेषेबाहेर बसावे. सराव चालू असताना खेळाडूंना हाक मारू नये, सूचना देऊ नयेत. प्रशिक्षकांशी बोलण्याची वेळ सराव संपल्यानंतर १५ मिनिटे. निवडीबद्दलचे प्रश्न लेखी द्यावेत, सात दिवसांत उत्तर मिळेल. प्रथम नियम मोडल्यास तोंडी सूचना, पुन्हा मोडल्यास महिनाभर मैदानावर प्रवेश नाही. पाल्याच्या संघातील स्थानावर याचा परिणाम होणार नाही.'

शेवटचं वाक्य गाळू नका. ते नसेल तर तक्रार असलेले पालक गप्प बसतात.

पाटीवरचे आठ

मसुद्यात पावसाळ्याची ओळ घाला. जुलै-ऑगस्टमध्ये सराव सभागृहात किंवा व्हरांड्यात येतो, सहा मीटर अंतर उरत नाही आणि ओल्या छत्र्यांचं पाणी फरशीवर सांडतं. तेवढे दोन महिने पालकांनी खिडकीबाहेरून बघावं, छत्र्यांसाठी दाराबाहेर बादली ठेवावी आणि सुरू करण्याआधी फरशी कोरडी पुसून घ्यावी.