तीन वर्षांचे रिटर्न राहिलेत, कागद गोळा करायला सुरुवात कुठून करू?

गिरगावची_ताई
लहान भाऊ सिरियल्सचं एडिटिंग करतो, गोरेगावला, फ्रीलान्स. पैसे टीडीएस कापूनच हातात येतात त्यामुळे त्याचं ठाम मत की टॅक्स तर गेलाच आहे मग रिटर्न कशाला. आता होमलोनसाठी बँक रिटर्न मागतेय आणि 2022-23, 23-24, 24-25 तिन्ही वर्षं कोरी. आईने दिवाणाखाली एका पिशवीत सगळं कोंबून ठेवलंय, एलआयसीच्या पावत्या, लाइटबिलं, कुणाच्या तरी लग्नाची पत्रिकासुद्धा निघाली. विषय काढला की हा चहा प्यायला खाली जातो. शनिवारी मी त्याला धरून बसवणार आहे, तर आधी काय शोधायचं, कुठल्या क्रमाने, कुणी नीट सांगेल का?

मुलुंड_वेस्ट
ताई पिशवीला हात लावू नका. (सीएच्या ऑफिसात काम करतो, रोज हेच बघतो.) लोक आधी घरातले कागद उपसतात आणि तासाभरात वैतागून सगळं परत कोंबतात. आधी इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर त्याच्या पॅनने लॉगिन करा आणि तिन्ही वर्षांचं एआयएस (पॅनवर नोंदलेल्या वर्षभराच्या व्यवहारांचं पत्रक) आणि 26एएस (कापलेल्या टीडीएसचं पत्रक) डाउनलोड करा. कुठल्या प्रॉडक्शन हाउसने किती दिले, किती टीडीएस भरला, बँकेने व्याज किती दिलं, बहुतेक सगळं तिथेच सापडतं. मग बँक स्टेटमेंट शेजारी ठेवून टिकमार्क करत जायचं, जी एंट्री जुळत नाही तेवढ्याचाच कागद शोधायचा. पोर्टलवरच्या ई-प्रोसीडिंग्ज विभागात एखादी नोटीस पडून आहे का तेही बघून घ्या.

आणि एलआयसी, पीपीएफचं म्हणाल तर ते फक्त 2022-23 साठी शोधा. पुढच्या दोन वर्षांना मुदतीनंतर भरताय म्हणजे न्यू रेजिमच (नवी करपद्धत) लागणार, तिथे या गुंतवणुकींची 80सीची वजावट नाहीच, मग त्या पावत्या शोधून उपयोग शून्य.

दादर_लोकल
एवढं सगळं करण्यापेक्षा सीएकडे पिशवी टाका आणि मोकळे व्हा की. फी घेतो तो, डोकं नाही घेत.

मुलुंड_वेस्ट
सीए हवाच, नको म्हणत नाही मी. पण पिशवी नेलीत तर पिशवी निवडायची पण फी लागते 😀

ताई अजून एक, हे जास्त महत्त्वाचं. एडिटरला 44एडीए (व्यावसायिकांसाठी हिशोब सोपा करणारं टॅक्सचं कलम) लागू होतं, म्हणजे आलेल्या रकमेच्या निम्मं उत्पन्न धरता येतं. समजा वर्षाला 8 लाख आले तर उत्पन्न 4 लाख, त्यावर रिबेटमुळे (कमी उत्पन्नाला मिळणारी करमाफी) टॅक्स शून्य आणि 10 टक्क्याने कापलेले 80 हजार परत मिळायला हवेत. म्हणून 24-25 चं आधी करा, 31 डिसेंबर 2025 पर्यंतच बिलेटेड (मुदतीनंतरचं) रिटर्न भरता येतं, उत्पन्न 5 लाखांच्या आत असेल तर लेट फी 1000, वर गेलं तर 5000, आणि रिफंड मिळतो.
जुन्या दोन वर्षांना अपडेटेड रिटर्न (बिलेटेडची मुदतही गेल्यावर जादा रक्कम देऊन भरायचं) आहे पण त्यात रिफंड मागता येत नाही, टॅक्स निघत असेल तरच ते भरायचं. टॅक्स आणि व्याज मिळून जे होईल त्यावर 23-24 ला 25 टक्के जादा, 22-23 ला 50 टक्के, आणि 31 मार्च 2026 नंतर हेच 50 आणि 60 होतात. रिफंड निघत असेल तर पोर्टलवरच कंडोनेशनची (उशीर माफ करण्याची) रिक्वेस्ट टाकावी लागते, उशीर का झाला त्याचं कारण आणि पुरावा जोडून. असेसमेंट इयर (कमाईच्या आर्थिक वर्षानंतरचं वर्ष) संपल्यापासून पाच वर्षं मुदत आहे पण मंजूर होईलच असं धरून चालू नका.

गिरगावची_ताई
बापरे, म्हणजे हा स्वतःचेच पैसे सोडून बसलाय! हे ऐकल्यावर मात्र खाली जाणार नाही. एक शंका, काल रात्री 26एएस बघितलं, 23-24 मध्ये एका प्रॉडक्शनवाल्यांचं नावच नाही, पैसे तर कापून दिलेत त्यांनी.

बोरिवली_फास्ट
माझ्या मिस्टरांचं असंच झालेलं. त्या लोकांच्या अकाउंट्सला ईमेल करा, फोन नको, फोनवर सगळे हो हो म्हणतात. इन्व्हॉइस आणि बँकेतल्या एंट्रीचा फोटो जोडून फॉर्म 16ए (टीडीएस कापल्याचं सर्टिफिकेट) मागा. टीडीएस भरलाच नसेल किंवा पॅन चुकीचा टाकला असेल तर त्यांना त्यांचं टीडीएस रिटर्न दुरुस्त करावं लागतं. आणि हो, रिफंडचं नाव काढलं की एजंट भेटतील, खोट्या भाडेपावत्या लावून मोठा रिफंड काढतो, त्यातले एवढे टक्के आमचे. दारात उभं करू नका, नोटीस आली की ती तुमच्या भावाच्या नावाने येते, एजंटच्या नाही.

मुलुंड_वेस्ट
+1. आणि भरल्यावर 30 दिवसांत आधार ओटीपीने ई-व्हेरिफाय करा, ते राहिलं तर रिटर्न भरलं असं धरतच नाहीत. आधारला त्याचा चालू नंबर लिंक आहे ना ते शनिवारच्या आधीच बघा.

गिरगावची_ताई
नंबर लिंक आहे. एआयएसची पीडीएफ पासवर्ड मागतेय, तो काय?

बोरिवली_फास्ट
पॅन स्मॉल लेटर्समध्ये आणि लगेच पुढे जन्मतारीख, दिवस महिना वर्ष, मध्ये स्पेस नाही.