परदेशी सत्राने विद्यार्थी बदलतो, हे खरंच सिद्ध झालंय का?

आडमुठा: परदेशात सत्र करून आलेल्या विद्यार्थ्यांवर विद्यापीठांत ढीगभर संशोधन होतं आणि निष्कर्ष जवळपास ठरलेला असतो: दृष्टी विस्तारली, आत्मविश्वास वाढला. जाण्याआधी एक प्रश्नावली, आल्यावर तीच प्रश्नावली, आकडा वर सरकला की शोधनिबंध तयार. मुळात जातं कोण? पैसा, भाषा आणि हौस ज्यांच्याकडे आधीपासून आहे ते. वाढ प्रवासामुळे झाली की सहा महिन्यांनी वय वाढल्यामुळे, हे न गेलेल्यांशी तुलना केल्याशिवाय कसं कळणार? त्यात अभ्यास करणारे कित्येकदा तेच कार्यक्रम चालवणारे!

चिकटराव: सरसकट झोडपू नका. यूलिया झिमरमान यांनी २०१३ मध्ये सहलेखकासह छापलेला जर्मन विद्यार्थ्यांवरचा अभ्यास पाहा. त्यात न गेलेल्यांचा गट होता. जाणारे मुळातच जास्त बहिर्मुख असतात, हे त्यांनाही आढळलं; तिथे तुमचं बरोबर. पण तो फरक जमेस धरूनही गेलेल्यांचा मोकळेपणा वाढला आणि भावनिक अस्थिरता कमी झाली.

दुसरा अभ्यास पारे आणि वाल्डिंगर यांचा, २०११ चा. युरोपातली विद्यार्थी-देवाणघेवाणीची इरॅस्मस योजना १९८७ मध्ये सुरू झाली, पण विद्यापीठांतल्या प्रत्येक विभागाला जागा एकाच वेळी मिळाल्या नाहीत. आपल्या विभागात जागा कधी आल्या, यात विद्यार्थ्याच्या हुशारीचा वा हौसेचा काही संबंध नव्हता. नेमका तोच फरक पकडून त्यांनी दाखवलं, की परदेशी सत्रामुळे पुढे परदेशात नोकरी करणाऱ्यांचं प्रमाण शंभरात सुमारे १५ ने वाढतं. यापेक्षा चोख पुरावा या विषयात क्वचितच मिळेल.

आडमुठा: परदेशात नोकरी धरली म्हणजे दृष्टी विस्तारली? गल्लत होतेय. अमेरिकेतल्या जॉर्जटाउन विद्यापीठाच्या नावाने ओळखला जाणारा २००९ चा अभ्यास घ्या: ६१ कार्यक्रम, हजारावर विद्यार्थी, तुलनेला न गेलेलेही. नुसतं तिकडे नेऊन सोडलेल्यांची आंतरसांस्कृतिक समज फारशी हललीच नाही. जिथे घडलेल्या गोष्टींवर विचार करायला लावणारं कुणी सोबत होतं, तिथे फरक पडला. मग श्रेय विमानाला की शिक्षकाला?

काठावरची: तुम्ही दोघे आकड्यांतच अडकलात. या क्षेत्रातली सर्वांत प्रसिद्ध आकृती बघा, परदेशात गेलेल्याचं मन कसं वरखाली होतं त्याची: आधी आनंद, मग घसरण, मग स्थिरावणं. लिसगार्ड यांनी १९५५ मध्ये मांडलेला हा इंग्रजी यू अक्षरासारखा आलेख. तो कशावर उभा आहे? अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेच्या फुलब्राइट शिष्यवृत्तीधारकांच्या मुलाखतींवर, त्याही परतल्यानंतरच्या. एकाच माणसाचा महिनोन्महिने मागोवा घेतलेलाच नाही. कमी राहिलेल्यांची जास्त राहिलेल्यांशी तुलना आहे. तरी नवख्यांना तो नियम असल्यासारखा शिकवतात.

उच्च शिक्षणाचे अभ्यासक सायमन मार्गिन्सन यांचा आक्षेप मला जास्त पटतो. परदेशी विद्यार्थी म्हणजे काहीतरी कमी असलेला, यजमानांच्या साच्यात बसवायचा माणूस, असं धरूनच बरेच संशोधक प्रश्न विचारतात. तो स्वतःला घडवत असतो, हे त्या प्रश्नावलीत मावत नाही. म्हणून मोकळ्या मुलाखती हव्यात.

चिकटराव: मुलाखतीत घोटवलेली गोष्ट ऐकायला मिळते हो! शिष्यवृत्तीच्या अहवालात आणि नोकरीच्या अर्जात जे लिहिलं, तेच तुम्हाला सांगणार. पाच-दहा वर्षांनी त्याच लोकांना पुन्हा गाठलं तर काही खरं.

काठावरची: गाठा की! तोवर पीएचडीची मुदत संपलेली असते आणि निधीही.